शब्दाची ठेव

ठेव देणारा विश्वासाने देतो; ती घेणाऱ्याची खरी परीक्षा परत करण्याच्या वेळी होते. बोललेल्या शब्दाचेही तसेच आहे. बोलणारा आपल्या मनातला अर्थ शब्दाच्या रूपाने ऐकणाऱ्याच्या स्वाधीन करतो आणि तो जसाचा तसा पोहोचला असे धरून चालतो. वास्तविक पोहोचतो तो केवळ ध्वनी. अर्थ ऐकणाऱ्याला स्वतःच्या भाषेतून, संस्कारांतून आणि अनुभवातून पुन्हा उभा करावा लागतो. तो मूळच्या अर्थाशी जुळला तर व्यवहार पार पडतो. न जुळला तर दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांनाही समोरचा खोटा वाटू लागतो.

वसई-विरार परिसरातील व्यापारी घराण्यांना याचा अनुभव रोज येतो. २०११च्या जनगणनेत १२ लाखांहून अधिक लोकवस्ती नोंदवणाऱ्या या शहरात एकाच दुकानापुढे किती बोली उभ्या राहतात! कादोडी म्हणजेच सामवेदी बोलणारा बागायतदार, वाडवळी बोलणारी गृहिणी, किनाऱ्यावरची कोळीण, वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांत काम करणारा हिंदीभाषक कामगार आणि मोबाइलवर इंग्रजीत मागणी पाठवणारा तरुण. दुकानाचा मालक घरी मारवाडी, गुजराती किंवा कच्छी बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठीत, घाऊक पेठेशी हिंदीत आणि कर सल्लागाराशी इंग्रजीमिश्रित भाषेत. एका दिवसात चार भाषांतून ये-जा करणाऱ्या या माणसाची पत अखेर एकाच गोष्टीवर उभी असते: त्याने दिलेला शब्द आणि समोरच्याने घेतलेला शब्द एकच असणे.

सोपाऱ्याच्या शिळांवरचे दोन शब्द

अर्थ पोहोचवण्याचा प्रश्न या भूमीला नवा नाही. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. ग्रीक भूगोलकारांना ते ठाऊक होते, बौद्ध साहित्यात त्याचा उल्लेख आहे आणि आयंबिलाच्या ओळीत ज्याची कथा श्रद्धेने ऐकली जाते, त्या श्रीपाळ राजाच्या चरित्रातही सोपाऱ्याचे नाव येते. जवळच आगाशी येथे मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय आहे. तेथे दर्शनाला जाणारी अनेक कुटुंबे या प्राचीन बंदराच्या वाटेवरूनच जातात.

याच सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. गिरनारसारख्या अन्य ठिकाणच्या पाठांवरून या दोन्ही लेखांचा आशय पूर्णपणे कळतो आणि तो जाणून घेण्यासारखा आहे.

आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे मृगयेला आणि करमणुकीला. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी आपण संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांना साहाय्य आणि प्रजेशी संवाद घडतो. नवव्या लेखात तो ‘मंगल’ या शब्दाकडे वळतो. लोक आजारपणात, मुलांच्या विवाहात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात. ती करावीत, परंतु त्यांचे फळ अल्प असते. सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान हे खरे धम्ममंगल होय, असे त्याचे म्हणणे आहे.

अशोकाने येथे नवे शब्द घडवले नाहीत. बंदरावरच्या हमालापासून सार्थवाहापर्यंत सर्वांच्या तोंडी असलेले ‘यात्रा’ आणि ‘मंगल’ हे दोन शब्द त्याने उचलले, त्यांचा रूढ अर्थ आधी मान्य केला आणि मग त्यांत नवा अर्थ भरला. ऐकणारा जेथे उभा आहे तेथून त्याला पुढे नेण्याची ही रीत होती. दूर कंदाहारला, जेथे ग्रीक भाषक राहत होते, तेथे त्याने ‘धम्म’ हा शब्द ध्वनी म्हणून लादला नाही; त्याऐवजी ग्रीकांच्या ओळखीचा, देवादिकांविषयी आदर व्यक्त करणारा ‘युसेबिया’ हा शब्द वापरला. शब्द सोडला, शक्य तितका अर्थ पोहोचवला.

लिलाव, पगार आणि एक तह

सोपाऱ्याचे बंदर मागे पडले आणि पुढे वसईचा किल्ला उभा राहिला. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे सुमारे दोन शतके, वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. पोर्तुगीजांची सत्ता गेली, त्यांचे शब्द मात्र मराठीत राहिले. पण ते मूळ अर्थाला चिकटून राहिले नाहीत. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. मराठीत ते नाम झाले आणि महिन्याच्या महिन्याला मिळणाऱ्या वेतनाला चिकटले. बाजारपेठेतला ‘लिलाव’ हाही पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. चावी, बटाटा आणि हापूस हीसुद्धा त्याच घराण्यातली मंडळी. शब्द उसना घेता येतो. अर्थ मात्र प्रत्येक समाज आपल्या गरजेप्रमाणे घडवतो.

वस्तूंचेही असेच होते. चिमाजी अप्पांच्या विजयानंतर वसईच्या चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांपैकीच म्हणून प्रसिद्ध आहे. धातू तोच आणि नादही तोच, पण तो ऐकून जमणारे लोक व त्यांच्या मनात उमटणारा भाव निराळा.

अर्थाचा हा निराळेपणा कधी राज्यालाही भोवतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसरे बाजीराव पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात वसईचा तह झाला. पुण्यातून निघून आलेल्या बाजीरावाच्या दृष्टीने तो गादी परत मिळवण्याचा मार्ग होता. कंपनीच्या दृष्टीने तो मराठी राज्याच्या गाभ्यात पाय रोवण्याचा परवाना होता. फौजेच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा आणि परराज्यांशी बोलणी कंपनीला विचारल्यावाचून करायची नाहीत, अशी कलमे त्यात होती. शिंदे आणि भोसले यांनी या कागदाचा अर्थ स्वातंत्र्य गहाण टाकणे असाच केला, आणि १८०३ साली युद्ध पेटले. कागद एकच होता, तो वाचणारे पक्ष तीन होते.

घरातच बदललेले अर्थ

बाजारातली गफलत लवकर उघडकीस येते, कारण तेथे पैशाची बाजू असते. घरातली गफलत मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात वाढणाऱ्या जैन मुलांच्या बाबतीत हे विशेषच घडते.

प्रवचनात महाराजसाहेब हिंदीत किंवा गुजरातीत सांगतात की राग आणि द्वेष यांचा त्याग करा. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ‘राग’ म्हणजे क्रोध एवढेच ठाऊक असते. त्यामुळे त्याला ऐकू येते ते असे: चिडू नका आणि कोणाचा तिरस्कार करू नका. उपदेश चांगलाच आहे, परंतु तो सांगितलेला उपदेश नव्हे. शास्त्रात राग म्हणजे आसक्ती. चार कषायांपैकी क्रोध आणि मान हे द्वेषाच्या बाजूला मोडतात. माया आणि लोभ हे रागाच्या बाजूला. म्हणजे मुलाने ‘राग’ या शब्दाचा जो अर्थ घेतला, तो द्वेषातच येऊन गेला होता. आणि जे रागात होते, ते त्याच्या कानापर्यंत आलेच नाही. धनाची, वस्तूंची, माणसांची आसक्ती सोडण्याचा अर्धा उपदेश भाषेच्या फटीतून गळून पडला. व्यापारी घरातल्या मुलाकरिता नेमका तोच अर्धा भाग अधिक मोलाचा होता. ‘वीतराग’ म्हणजे न रागावणारा, अशी समजूत उराशी घेऊन ते मूल मोठे होते.

‘माया’ या शब्दाची कथा आणखी गमतीची आहे. मराठीत आजीची माया असते, ती हवीहवीशी असते. व्यवहारात माया जमवली असे म्हणतात, तेव्हा पैसा अभिप्रेत असतो. शास्त्रातली माया म्हणजे कपट. आजीच्या मायेने वाढलेल्या नातवाला ‘माया सोडा’ हे वाक्य विचित्र वाटले, तर त्याचा दोष नाही.

‘सामायिक’ म्हणताच श्रावकाच्या डोळ्यांपुढे ४८ मिनिटांची समतेची साधना येते. तलाठी कार्यालयात तोच शब्द दोन भावांच्या सामायिक क्षेत्रासाठी किंवा दोन घरांच्या सामायिक भिंतीसाठी वापरतात. ‘समारंभ’ म्हटले की मराठी माणसाला मांडव, पंगत आणि पाहुणे आठवतात. शास्त्रात संरंभ, समारंभ आणि आरंभ या हिंसेच्या वाटेवरच्या तीन पायऱ्या आहेत: आधी संकल्प, मग साधनांची जुळवाजुळव, शेवटी प्रत्यक्ष कृती. लग्नसमारंभाच्या खर्चाविषयी बोलताना वडीलधारी मंडळी ‘केवढा हा आरंभ-समारंभ’ असे म्हणतात, तेव्हा नव्या पिढीला त्यात कौतुक ऐकू येते आणि बोलणाऱ्याच्या मनात मात्र खेद असतो.

यावर उपाय कठीण नाही. आई-वडिलांनी शब्द पाठ झाला की नाही हे न विचारता, त्याचा अर्थ मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा. चूक असेल तर ती तेथेच दिसते आणि पाच मिनिटांत दुरुस्त होते.

काकाजी आणि हुंडी

पूर्वीच्या व्यापाऱ्यांना अर्थाच्या या घसरणीची चांगलीच जाणीव होती. महाजनी किंवा वाणी लिपीत झरझर लिहिण्यासाठी काना, मात्रा, वेलांटी गाळत असत. तिच्यावरची एक लोककथा मारवाडी घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. पत्रात लिहिले होते, ‘काकाजी अजमेर गये’. मात्रा नसल्यामुळे घरच्यांनी वाचले, ‘काकाजी आज मर गये’. घरात रडारड सुरू झाली. कथा हसण्यासाठी सांगतात, पण तिच्यातला धडा गंभीर आहे. लिहिणाऱ्याला आपला मजकूर स्पष्टच वाटतो, कारण गाळलेली अक्षरे त्याच्या मनात असतात. वाचणाऱ्याच्या मनात ती नसतात.

म्हणूनच ज्या कागदावर पैसा अवलंबून होता, तेथे हेच व्यापारी विलक्षण सावध असत. हुंडीत रक्कम केवळ एकदा लिहून भागत नसे. आकड्यात लिहीत, अक्षरांत लिहीत, शिवाय त्या रकमेचे निम्मे किती ते सांगून ‘त्याचे दुप्पट पूर्ण द्यावे’ असेही लिहीत. एक हजाराच्या हुंडीत पाचशेच्या दुपटीचा उल्लेख असे. कोणी शून्य वाढवले, अक्षर पुसले किंवा वाचताना चुकले, तर तिन्ही जागी एकच चूक होणे अशक्य. हुंडी पाहताच द्यायची ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी द्यायची ती मुदती. हुंडी हरवल्यास पेठ आणि तीही गहाळ झाल्यास परपेठ लिहून देत. रक्कम दिल्यावर रद्द झालेली हुंडी म्हणजे खोका. शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच मिळत असे, आणि शहा कोणाला म्हणावे याची व्याख्या कागदावर नसून पेठेच्या मनात असे.

१८८१ साली इंग्रज सरकारने परक्राम्य संलेखांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतील अशा कागदांविषयीचे स्थानिक रिवाज त्यातून वगळून अबाधित ठेवले. हुंडीच्या शब्दांचा खरा अर्थ पेढ्यांच्या चालीरीतींत आहे, याची ती एक प्रकारे कबुलीच होती.

रुमालाखालचा भाव

अर्थ पोहोचवण्याची जशी साधने होती, तशीच तो लपवण्याचीही होती. महाराष्ट्रातील दुकानदार आणि दलाल गिऱ्हाइकासमोर आपसात भाव बोलताना ‘नंदभाषा’ वापरत. मोल्सवर्थच्या प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशात तिची नोंद आहे. तिच्यात एकाला केवली, दोनाला अवारू, तिनाला उधानू, चाराला पोकू, पाचाला मुळू, तर सातासाठी चक्क पवित्र हा शब्द होता. रुपयाला भुरका म्हणत. ‘पवित्र भुरके’ हे ऐकून गिऱ्हाइकाला काहीच उमगत नसे, पण गुमास्त्याला सात रुपये कळत.

दुसरी रीत हाताची. जनावरांच्या बाजारात आणि घाऊक फळबाजारात रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. या पद्धतीला हत्ता म्हणतात. भोवती कितीही गर्दी असो, भाव दोघांपलीकडे जात नाही. व्यापाऱ्यांच्या बाजूने यात सोय होती. परंतु ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी शेजारीच उभा असायचा आणि त्याच्या घामाचा भाव त्यालाच समजत नसे. १९६३च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्यानंतर बाजार समित्यांच्या नियमांनी उघड लिलावाचा आग्रह धरला, तो याच कारणाने. रुमालाखालच्या दोघांत अर्थाची देवाणघेवाण अगदी बिनचूक होत होती. मात्र ज्याला तो अर्थ कळण्याचा हक्क होता, तोच बाहेर राहत होता.

गुप्ततेचा हेतू नसतानाही बाहेर राहणारे असतातच. दुकान बंद करताना ‘बंद’ हा शब्द अशुभ मानून मराठीत दुकान वाढवतात. गुजरातीत वधावतात, हिंदीत बढ़ाते हैं असे म्हणतात. परप्रांतातून कालच आलेल्या नोकराला ‘दुकान वाढव’ म्हटल्यावर तो गोंधळून पाहत राहिला, तर त्याला मंदबुद्धी ठरवण्याचे कारण नाही. ‘बघतो’, ‘उद्या सांगतो’, ‘तुमचेच दुकान आहे’ या वाक्यांचेही तसेच. त्यांतला नकार किंवा सौजन्य जाणकारालाच ओळखू येते. नवखा माणूस उद्या खरोखरच उत्तर घ्यायला येतो.

न्यायालयाच्या दारात

दोघांनी दोन अर्थ घेतले तर सौदा झाला असे म्हणावे काय? या प्रश्नाचे प्रसिद्ध उत्तर मुंबईच्या कापसावरून मिळाले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव वरखाली होत असताना इंग्लंडमध्ये एका व्यापाऱ्याने १२५ गासड्या सुरती कापूस विकत घेण्याचा करार केला. प्रत धोलेऱ्याची, माल मुंबईहून ‘पीअरलेस’ या जहाजाने लिव्हरपूलला येणार. परंतु ‘पीअरलेस’ नावाची जहाजे दोन निघाली. एक ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सुटले, दुसरे डिसेंबरमध्ये. घेणाऱ्याच्या मनात पहिले होते, विकणाऱ्याने माल दुसऱ्यातून पाठवला. घेणाऱ्याने माल नाकारला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १८६४ साली निकाल घेणाऱ्याच्या बाजूने लागला. नाव जुळले होते, वस्तू जुळली नव्हती.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या १३व्या कलमाचा आशय असा की दोन व्यक्तींनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली, तरच त्यांची संमती झाली असे समजावे. ‘एकाच अर्थाने’ हे त्यातले निर्णायक शब्द आहेत.

पुढे टेलिफोन आला आणि नवा प्रश्न उभा राहिला. १९५९ साली अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या एका तेलगिरणीकडे फोनवरून सरकी पेंडेची मागणी केली. खामगावहून होकार आला. पुढे वाद झाला तेव्हा करार कोठे झाला, यावर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. होकार बोलला गेला खामगावात, ऐकला गेला अहमदाबादेत. १९६५ साली न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की करार अहमदाबादेत झाला. समोरासमोर किंवा फोनवर बोलताना होकार ऐकणाऱ्याच्या कानी पडतो, तेव्हाच तो पुरा होतो.

आता फोनची जागा मोबाइलवरच्या चिन्हांनी घेतली आहे. कॅनडातील एका धान्य कंपनीने २०२१ साली एका शेतकऱ्याला ८६ टन जवसाच्या कराराचे छायाचित्र पाठवून ‘करार पक्का करावा’ असे कळवले. उत्तरादाखल उंचावलेल्या अंगठ्याचे चिन्ह आले. भाव चढल्यावर जवस काही आले नाही. अंगठ्याचा अर्थ ‘कागद मिळाला’ एवढाच होता, असे शेतकऱ्याचे म्हणणे. याआधीचे सौदे त्याने अशाच त्रोटक उत्तरांनी मान्य केले होते आणि मालही पोहोचवला होता, हे पाहून २०२३ साली न्यायालयाने तो अंगठा सहीसारखाच धरला आणि ८२ हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. हा निकाल वरच्या न्यायालयातही टिकला.

मराठीत तर अंगठ्याला आधीपासूनच दोन तोंडे आहेत. कागदावर उठवलेला अंगठा म्हणजे सही. हवेत नाचवून दाखवलेला अंगठा म्हणजे ठेंगा. वसईच्या पेढीवर दिवसातून शेकडो वेळा उमटणारा हा अंगठा ‘वाचले’, ‘मान्य’, ‘माल पाठवा’ आणि ‘बघू’ या चारही अर्थांनी वापरला जातो. चार अर्थांचे एक चिन्ह सौद्याला पुरत नाही.

निक्षेप आणि न्यास

शब्दाला अनेक अर्थ असतात हे ओळखून ते वेगळे ठेवण्याची शिस्त जैन आचार्यांनी फार पूर्वी घालून दिली. तिला निक्षेप म्हणतात. नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव अशा चार प्रकारे शब्दाचा अर्थ मांडता येतो. एखाद्या मुलाचे नाव राजा ठेवले, तर तो नामाने राजा. राजाचे चित्र किंवा पट असेल, तर तो स्थापनेने राजा. उद्या गादीवर बसणारा किंवा काल उतरलेला तो द्रव्याने राजा. आज प्रत्यक्ष राज्य करणारा तो भावाने राजा. बोलणाऱ्याला यांपैकी कोणता अभिप्रेत आहे हे ठरल्यावाचून वाद घालणे व्यर्थ. ‘पीअरलेस’च्या खटल्यात दोघेही नामावर थांबले होते.

नयांच्या विचारात हे आणखी सूक्ष्म होते. समभिरूढ नयानुसार समानार्थी म्हटले जाणारे शब्दही खऱ्या अर्थाने समान नसतात. इंद्र, शक्र आणि पुरंदर ही नावे एकाचीच असली तरी प्रत्येक नाव त्याचा वेगळा गुण सांगते. भाव, दर, किंमत आणि मोल हे शब्द एकमेकांऐवजी सर्रास वापरणाऱ्या पेठेला हा धडा उपयोगी पडावा. तीर्थंकरांच्या वाणीविषयीची परंपरेतील श्रद्धाही येथे आठवते. देशना अर्धमागधीत होत असे आणि समवसरणातील प्रत्येक जीवाला ती आपापल्या भाषेत समजत असे. आदर्श वाणीचे हे चित्र आहे. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या भाषेपर्यंत यावे अशी अट तेथे नाही. वाणीच ऐकणाऱ्यापर्यंत जाते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा विचार मात्र सत्य अणुव्रताच्या अतिचारांत सापडतो. खोटे दस्तऐवज करणे म्हणजे कूटलेखक्रिया हा अतिचार सर्वांना सहज पटतो. त्याच यादीत न्यासापहार आहे आणि त्याचा अर्थ तत्त्वार्थसूत्रावरील सर्वार्थसिद्धी टीकेत पूज्यपादांनी फार बारकाईने सांगितला आहे. कोणी सोने-नाणे ठेवीदाखल ठेवले. काही काळाने तो नेमका आकडा विसरला आणि ठेवले होते त्याहून कमी मागू लागला. अशा वेळी ठेव सांभाळणाऱ्याने ‘बरोबर आहे’ असे म्हटले, तर तो न्यासापहार.

येथे सांभाळणाऱ्याने आपणहून खोटा आकडा उच्चारलेला नाही. चूक सर्वस्वी समोरच्याची आहे. तरीही दुसऱ्याच्या गैरसमजाला होकार भरून त्यावर आपला फायदा करून घेणे, हे सत्यव्रताला लागलेले छिद्र मानले आहे. म्हणजे आपण खरे बोललो एवढ्याने सत्य पुरे होत नाही. समोरच्याच्या मनात काय उतरले आहे, याचीही जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. शब्दाच्या चार प्रकारच्या मांडणीला निक्षेप म्हणतात आणि न्यासही म्हणतात. ठेवीलाही निक्षेप आणि न्यास हेच दोन शब्द आहेत. भाषेनेच अर्थ आणि ठेव यांना एका घरात ठेवले आहे.

हे तत्त्व पेढीवर उतरवणे अवघड नाही. फोनवर ‘अडीचशे’ ऐकू आले तर ‘दोनशे पन्नास नग ना?’ असे उलट विचारून घ्यावे. भाव सांगताना तो नगाचा, डझनाचा की किलोचा आणि कर धरून की वगळून, हे त्याच दमात सांगावे. ‘पुढच्या सोमवारी’ असे न म्हणता तारीख सांगावी. अंगठ्याऐवजी ‘मान्य, इतका माल, इतका भाव, अमुक तारखेला’ असे एक वाक्य लिहावे. नव्या नोकराला काम सांगितल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. काय समजले ते त्याच्याच तोंडून ऐकावे. गिऱ्हाईक चुकून जास्त पैसे देऊ लागले किंवा एखाद्या बागायतदाराने आपल्या केळीच्या घडांचा हिशेब कमी लावला, तर ती चूक त्याच क्षणी दाखवून द्यावी.

या सावधगिरीत थोडा वेळ जातो खरा. हुंडीवर निम्म्याची दुप्पट लिहिणाऱ्या पूर्वजांचाही जात होता. तो वेळ त्यांनी खर्च केला म्हणूनच शेकडो कोसांवरचा अनोळखी आडत्या एका चिठ्ठीवर रोकड मोजून देत असे.